माणसें जोडण्याची विद्या आणि रंगभूमि

माणसांशीं कसें वागावें हें शिकविणारीं पुस्तकें आज ढिगानें मिळतात, आणि सुशिक्षित वाचक बहुधा त्यांच्याकडे नाक मुरडूनच पाहतो. विक्रेत्यांनीं विक्रेत्यांसाठीं रचलेली विद्या, असा त्याचा ग्रह असतो. परंतु या जातीच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचा इतिहास पाहिला तर त्याचें मूळ दुकानांत जितकें आहे तितकेंच रंगभूमीवरही आहे असें दिसून येतें. सभा आणि संसार यांची अशी जोडी आपणांस अपरिचित नाहीं. समर्थांचा दासबोध मूर्खाचीं लक्षणें सांगतो आणि कीर्तन कसें करावें हेंही सांगतो.

डेल कार्नेगी याचा जन्म १८८८ सालीं अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत, एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. महाविद्यालयांतील वक्तृत्वस्पर्धांत तो प्रथम हरत गेला, मग जिंकूं लागला. पुढें मांस, साबण आणि चरबी विकण्याची फिरती नोकरी सोडून तो नाट्यशिक्षणासाठीं न्यूयॉर्कला गेला व एका नाटकाबरोबर गांवोगांव हिंडला. नट म्हणून त्याचें नांव झालें नाहीं. १९१२ सालीं तेथील वाय. एम. सी. ए. या संस्थेंत त्यानें भाषणकलेचा रात्रीचा वर्ग काढला. एका रात्रीचे दोन डॉलर देण्याचेंही संस्थेनें नाकारलें, तेव्हां उत्पन्नाच्या वांट्यावर त्यानें काम पत्करलें. वर्गास येणाऱ्या नोकरदारांना अलंकारिक वक्तृत्व नको होतें. चार माणसांसमोर उभें राहतांना पाय लटपटूं नयेत, एवढेंच हवें होतें. बोलणाऱ्याचें लक्ष स्वतःवरून ऐकणाऱ्याकडे वळलें कीं ही भीति ओसरते. म्हणून भाषणाचा वर्ग हळूहळू माणसांशीं वागण्याचा वर्ग झाला, आणि त्यांतूनच १९३६ सालीं ‘हाउ टु विन फ्रेन्ड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ हें पुस्तक निघालें.

या पुस्तकांत हॉवर्ड थर्स्टन या विख्यात जादूगाराची हकीकत आहे. लहानपणीं घर सोडून पळालेला हा मुलगा मालगाडीच्या डब्यांतून बाहेरच्या पाट्या पाहून वाचावयास शिकला. कार्नेगीनें त्याला त्याच्या यशाचें रहस्य विचारलें. जादूचें ज्ञान आपल्याइतकें इतरांपाशींही आहे, असें त्यानें सांगितलें. मग त्याचें विशेष कशांत होतें? एक तर त्याचा प्रत्येक हातवारा, आवाजाची प्रत्येक चढउतार, भुवई उचलणें देखील आधीं घोटून घेतलेलें असे. दुसरें, पुष्कळ जादूगार प्रेक्षकांना मनांतून भोळसट समजत. थर्स्टन मात्र पडदा उघडण्यापूर्वीं, हे लोक आपणांस पाहावयास आले म्हणून आपलें पोट चालतें, आपलें यांच्यावर प्रेम आहे, असें स्वतःशींच घोकत असे.

मला या हकीकतींत सर्वांत मोलाची वाटते ती या दोन गोष्टींची सांगड. घोटलेली भुवई आणि खरी कृतज्ञता एकाच माणसांत नांदूं शकतात! पुस्तकाच्या टीकाकारांना हें पटलें नाहीं. कादंबरीकार सिंक्लेअर लुईस यानें तर, दुसऱ्याच्या आवडीनिवडींत रस असल्याचें सोंग आणून त्याच्याकडून कांहीं उकळण्याची ही युक्ति आहे, अशी टवाळी केली. टीका अगदींच खोटी नव्हे. स्तुतीसंबंधींचीं प्रकरणें वाचतांना, खुशामतीविरुद्ध लेखक बजावीत असला तरी, मनांत शंका उरतेच.

त्या शंकेला पुढें शास्त्रीय रूप आलें. १९८३ सालीं आर्ली हॉख्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें विमानांतील परिचारिकांच्या हास्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रशियन नाट्यगुरु स्टॅनिस्लाव्स्की याच्या विचाराचा आधार घेऊन तिनें भेद केला : केवळ ओठांवरचा अभिनय निराळा, आणि मनांत भावना जागवून केलेला अभिनय निराळा. दुसरा अधिक खरा दिसतो; पण तो दिवसभर पगारासाठीं करावा लागला तर आपली भावना आपली राहिली आहे कीं नाहीं, हेंच माणसाला कळेनासें होतें.

घरांत हा धोका कमी, कारण तेथें तिकीट नसतें आणि पडदाही नसतो. पाहुण्याचें नांव लक्षांत ठेवणें, त्याचें बोलणें मधेंच न तोडणें, वाद जिंकण्याची हौस आवरणें, एवढाच या पुस्तकांतील भाग घेतला तरी घरगुती बैठकीचा रंग बदलतो. आणि हा भाग सोंग आणून फार दिवस निभत नाहीं, कारण ऐकण्यासाठीं खरोखरच ऐकावें लागतें. थर्स्टनला मात्र आपल्यावरील मजकूर छापलेला पाहावयास मिळाला नाहीं. १९३६ च्या एप्रिलमध्यें तो वारला. पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीकडे बाहेर पडलें.