आधी ती गेली, मागाहून तो

मुंबईच्या ख्रिस्ती घरांना विरह नवा नाही. गोव्याहून आलेला खलाशी धोबीतलावच्या आपल्या गावच्या 'कुडा'त पथारी टाकी, जहाजावर नाव लागले की महिनोन्‌महिने समुद्रावर राही, आणि त्याची पत्नी गावी पत्राची नि मनिऑर्डरीची वाट पाही. पुरुषाने जावे आणि स्त्रीने थांबावे, हे इतके अंगवळणी पडले होते की हा क्रम कधी उलटेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. तो उलटवला परिचारिकेने.

आमच्या वडाळ्याच्या परिसरात रुग्णालयांची दाटी आहे. महापालिका आयुक्त अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली उघडलेले कुष्ठरुग्णालय इथलेच. शिवडीला क्षयरोग्यांचे, तर परळला के.ई.एम. आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ सालची. रात्रपाळी, परपुरुषाचा स्पर्श आणि मलमूत्र उचलणे या गोष्टी त्या काळी बहुतेक हिंदू व मुसलमान घरांना आपल्या मुलींसाठी अमान्य होत्या. म्हणून हा पेशा मुख्यत्वे ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन मुलींच्या वाट्याला आला. रुग्णसेवा हे व्रत आहे असे आपण व्यासपीठावरून सांगत होतो. लग्न जुळवताना मात्र 'मुलगी नर्स आहे' हे वाक्य आवाज खाली आणूनच उच्चारले जाई.

भोर समितीने १९४६ साली नोंदवले की देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका आहे. इतकी टंचाई असलेल्या देशातून परिचारिका बाहेर जाव्यात हे विपरीत खरे. पण येथे वेतन तुटपुंजे आणि मान त्याहून तुटपुंजा होता. बाहेर मागणी वाढत होती. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने आशियाई कुशल कामगारांना दार उघडले. त्याच दशकात कॅथलिक संस्थांच्या मध्यस्थीने केरळच्या तरुणी पश्चिम जर्मनीत गेल्या, आणि १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांत रुग्णालये उभी राहिली. मुंबई ही या प्रवासातली धर्मशाळा ठरली. येथे काही वर्षांचा अनुभव गाठीस बांधायचा आणि पुढचे विमान धरायचे.

मग ज्या मुलीला स्थळे नाकारीत होती, तिचाच हात मागितला जाऊ लागला. आधी ती जाई, मागाहून तो. अमेरिकेत पोहोचलेले अनेक पती पत्नीच्या पगारावर काही काळ राहिले, मुले सांभाळू लागले, आणि आपल्याच लोकांच्या थट्टेचा विषय झाले. जर्मनीत तर पतीला कित्येक वर्षे नोकरीचा परवानाच मिळत नसे. या थट्टेत मला आपल्या समाजाचा कोतेपणा दिसतो. खलाशाच्या पत्नीने घर सांभाळले तेव्हा कोणी हसले नव्हते.

परंतु मागाहून येणाऱ्या पतीला दार उघडेल याची शाश्वती नव्हती. ब्रिटनमध्ये पुरुषाच्या पाठोपाठ पत्नी येऊ शके. स्त्रीच्या पाठोपाठ पती येण्यावर मात्र १९६९ साली निर्बंध आले. ते १९७४ साली सैल झाले आणि १९८० साली पुन्हा आवळले गेले. कारण असे देण्यात आले की येणारा पुरुष नोकरी मागेल. जणू पत्नी नोकरी करीतच नव्हती! १९६७ साली वर्क परमिटवर इंग्लंडात येऊन रुग्णालयात काम करणाऱ्या फिलिपाईन्सच्या एका परिचारिकेने १९८० साली मनिला येथे लग्न केले. पतीला प्रवेश नाकारला गेला. तिने आणि अशाच आणखी दोन विवाहितांनी (त्यांतील एक भारतीय वंशाची) स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २८ मे १९८५ रोजी निकाल लागला: हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. त्यावर सरकारने काय करावे? पतींवरील बंधने काढण्याऐवजी पत्नींवरही तीच घालून समता प्रस्थापित केली!

आखातात प्रश्न निराळा होता. तेथे कुटुंब आणण्यास पगाराची अट असे, म्हणून अनेक जोडपी वर्षातून एका रजेपुरती एकत्र येत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा कित्येक घरांत महिना-महिना खुशालीही कळली नाही. अम्मानहून एअर इंडियाने एक लाखाहून अधिक लोक मायदेशी आणले. त्यांतील असंख्य लोक आपल्या सहार विमानतळावर उतरले.

ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत (१९८३) अंतराचा विचार आहे. कलम ११०५ नुसार वधू वा वर मुखत्यारामार्फत विवाहाची संमती देऊ शकतो. मात्र कलम ११५१ सांगते की रास्त कारण नसेल तर पती-पत्नींनी सहजीवन राखलेच पाहिजे. परदेशी सरकारचा व्हिसा हे रास्त कारण खरे. पण ते किती वर्षे पुरवायचे, हे कलम सांगत नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनात मी हल्ली जोडप्यांना विचारतो, घर कोणत्या शहरात मांडणार? पुष्कळदा दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

११ मार्च २०२४ पासून ब्रिटनमध्ये 'केअर वर्कर' म्हणून नव्याने जाणाऱ्यांना जोडीदार वा मुले सोबत नेता येईनात. नोंदणीकृत परिचारिका या नियमाबाहेर होत्या. येथून शिकून गेलेल्या, पण तिथली नोंदणी अजून न मिळाल्याने केअर वर्करचे काम पत्करलेल्या मुली मात्र त्यात सापडल्या.