सहा फूट वादी

साल 1910. गोंदियाहून आलेल्या अडीच फुटी रुळांच्या गाडीतून तुम्ही बालाघाटला उतरता. वैनगंगेकाठचा, धानाच्या बांध्यांचा हा मुलूख मध्य प्रांतात, नागपूर विभागात आहे. जिल्हा होऊन 43 वर्षं झाली. बाजारात मराठी, पोवारी, हिंदी एका दमात कानावर पडते. सातपुड्याच्या रानातला हिरडा ‘जबलपुरी’ नावानं विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांना जातो. थोडा गावातही राहतो, आणि तुम्हाला त्याच्याच वासामागे जायचं आहे.

शिंप्याच्या पायमशीनची वादी तुटली आहे. लग्नसराई तोंडावर आणि गिऱ्हाइकं खोळंबलेली. नवी वादी मागवायची तर नागपूर गाठावं लागेल. त्यानं तुम्हाला वस्तीबाहेर, चांभाराकडे पिटाळलं आहे.

ओट्याशी हिरड्याचा आणि बाभळीच्या सालीचा तुरट, आंबूस वास दाटलेला. कारागीर तुटका तुकडा बोटांत फिरवून बघतो. ही वादी गोल का, हे त्याला सांगावं लागत नाही. मशीनच्या चाकाला खाच आहे. चपटी पट्टी तिच्यात पिळवटेल, चौकोनी असेल तर कोपऱ्यांवर झिजेल.

तो म्हशीच्या जाड कातड्याचा पाठीकडचा भाग निवडतो. पोटाकडचं कातडं सैल, ताण पडला की लांबतं. त्यावर तो पाच इंच रुंदीची गोल चकती आखून कापतो. एवढ्याशा तुकड्यातून काय निघणार, असं तुम्हाला वाटतं. तो पाटात रापी उभी ठोकतो, तिच्यापासून पाव इंचावर एक खिळा. चकतीच्या कडेला चीर देऊन टोक त्या फटीतून ओढू लागतो. चकती फिरत राहते, कडेकडेनं पाव इंची पट्टी सुटत जाते आणि शेवटी मधोमध रुपयाएवढा तुकडा उरतो. पट्टी भरते सहा फुटांच्या वर. मधला तुकडा वगळून चकतीच्या क्षेत्रफळाला पट्टीच्या रुंदीनं भागा, उत्तर तेच येईल. त्यानं भागाकार मांडलेला नाही. किती मोठी चकती लागेल, हे मात्र त्याला आधीच ठाऊक होतं.

पट्टी भिजवून तो खुंटीला ताणतो, तेव्हा तिचा बाक जातो. मग रापीनं चारही कोपरे तासतो; चाराचे आठ होतात. आता सोनाराच्या जंतरासारखी उतरत्या मापाची भोकं पाडलेली लोखंडी पट्टी निघते. वादीचं टोक निमुळतं करून तो भोकात घालतो आणि पुढचा शेंडा तुमच्या हाती देतो.

“एका दमानं ओढा, भाऊ. झटका नोका देऊ.”

झटका बसला की वादी मध्येच बारीक होते आणि पुढे तिथंच तुटते. तुम्ही ओढता. भोकाची धारदार कड उरलेले कोपरे खरवडते, ओल्या चामड्याची भुरी पायांशी पडते. मग त्याहून लहान भोक, मग आणखी लहान. शेवटी तो वादी फळीखाली दाबून लाटतो आणि ताणलेलीच सावलीत वाळवतो. तेल नावालाच, नाहीतर ती चाकावरून सरकेल.

दुसऱ्या दिवशी आरीनं दोन्ही टोकांना भोकं पाडून ती तारेच्या आकड्यानं जोडली जाते. मशीन धावू लागतं. शिंपी मजुरीचे पैसे कारागिराच्या ओंजळीत वरून टाकतो, बोटाला बोट लागणार नाही अशा बेतानं.

परतीच्या वाटेवर मळ्यातल्या विहिरीवर मोट चालू आहे. तिचं चामडं त्याच कारागिराचं, शिवणही त्याचीच. सगळ्यांचं पाणी त्याच्या चामड्यातून वर येतं, पण काठावर पाय ठेवायची त्याला मुभा नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून 17 वर्षं आहेत.

तुम्ही तिथून परत आलात, तर नुसती तुटलेल्या वादीची गोष्ट सांगत बसू नका. ज्या माणसानं क्षेत्रफळाचं गणित हातानं सोडवलं, त्याच्या मुलांना शाळेच्या दाराबाहेर बसवून आपण किती गमावलं, हा हिशोब आजच्या माणसाकडे अजून बाकी आहे.