निन्टेंडो वी : पहिली भेट आणि नंतरची ओळख

घरातील टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या, म्हणजेच कन्सोलच्या, इतिहासात ‘वी’ या यंत्राचे स्थान वेगळे आहे. जपानमधील क्योटो येथील निन्टेंडो कंपनीने ते १९ नोव्हेंबर २००६ रोजी उत्तर अमेरिकेत आणि २ डिसेंबर रोजी जपानमध्ये विक्रीस आणले. कागदावरील माहिती वाचून त्याविषयी बनलेले मत आणि यंत्र हाती आल्यावर बनलेले मत यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

१८८९ मध्ये पत्त्यांच्या व्यवसायापासून सुरुवात करणाऱ्या या कंपनीपुढे त्या काळी बिकट प्रश्न उभा होता. तिच्या ‘निन्टेंडो ६४’ या कन्सोलचे सुमारे ३ कोटी २९ लाख नग विकले गेले होते; त्यानंतरच्या ‘गेमक्यूब’चा आकडा २ कोटी १७ लाखांवरच थांबला. सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’ने मात्र पुढे १५ कोटींचा टप्पा ओलांडला. चित्रांच्या स्पष्टतेची शर्यत चालू ठेवण्यापेक्षा ज्यांनी कधी खेळच खेळलेला नाही त्यांना पडद्यापुढे आणावे, असा निर्णय तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी घेतला.

कागदावर वी दुबळेच दिसत होते. त्याच्या प्रोसेसरचा वेग ७२९ मेगाहर्ट्झ होता आणि ‘हाय डेफिनिशन’ चित्राची सोय त्यात नव्हती. एकावर एक ठेवलेल्या तीन डीव्हीडी डब्यांएवढाच त्याचा आकार होता. अमेरिकेत दोनच दिवस आधी आलेल्या ‘प्लेस्टेशन ३’ची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती, वी अडीचशे डॉलरना मिळत होते. एप्रिल २००६ मध्ये जाहीर झालेल्या नावाचीही बरीच थट्टा झाली. मात्र मे महिन्यात लॉस एंजलिस येथील ‘ई थ्री’ प्रदर्शनात ते खेळून पाहण्यासाठी लांबच लांब रांगा लागल्या.

या बदलाचे कारण होते त्याचा रिमोट. दोन्ही हातांनी धरायच्या, अनेक बटणांच्या नियंत्रकाऐवजी येथे टीव्हीच्या रिमोटसारखी एक पांढरी कांडी होती. तिच्यातील त्वरणमापक हाताच्या हालचालीची नोंद घेतो आणि ब्लूटूथद्वारे ती यंत्राकडे पाठवतो. रिमोटच्या टोकाशी इन्फ्रारेड कॅमेरा असतो. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात. पण ती स्वतः काहीच टिपत नाही, केवळ अवरक्त किरण सोडते. त्या प्रकाशबिंदूंवरून रिमोट पडद्याकडे कोठे रोखला आहे, हे ठरते. पट्टीच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी काम भागते, ते यामुळेच.

जपान वगळता बहुतेक देशांत यंत्रासोबतच मिळणाऱ्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ व बॉक्सिंग असे पाच खेळ होते. टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू स्वतःच धावतो. खेळणाऱ्याने फक्त रॅकेट फिरवल्यासारखा हात फिरवायचा. त्यामुळे नियम समजावून सांगण्याची गरज उरली नाही. नातवंडांबरोबर आजी-आजोबा खेळू लागले, अमेरिकेतील वृद्धाश्रमांत बोलिंगचे सामने रंगले. उत्साहाच्या भरात काहींच्या हातून रिमोट निसटला, मनगटाचा पट्टा तुटला आणि दिवाणखान्यातील वस्तूंना त्याचा प्रसाद मिळाला. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याची घोषणा केली, ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोरीऐवजी १ मिलिमीटरची दोरी आली.

पहिल्या भेटीत न दिसलेल्या मर्यादा पुढे उघड झाल्या. जोरदार फटका मारण्याऐवजी आरामखुर्चीत बसून मनगटाला हलका झटका दिला तरी चेंडू तसाच जातो, हे खेळाडूंच्या ध्यानी आले. मनगटाचे वळण अचूक टिपण्यासाठी २००९ मध्ये ‘मोशनप्लस’ हे वेगळे जोडउपकरण आणावे लागले. घरोघरी हाय डेफिनिशन टीव्ही आल्यावर चित्राचा धूसरपणाही खटकू लागला.

तरीही वीची विक्री १० कोटी १६ लाखांवर पोहोचली आणि त्या पिढीत ते सर्वाधिक खपलेले घरगुती कन्सोल ठरले. २०१० मध्ये सोनीने ‘मूव्ह’ आणि मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणून त्याच वाटेवर पाऊल टाकले. परंतु हे यश टिकवणे निन्टेंडोलाही सोपे गेले नाही. २०१२ मध्ये आलेल्या ‘वी यू’चे अवघे १ कोटी ३६ लाख नग खपले. हौसेने एकदा रिमोट हाती घेतलेले असंख्य लोक दुसरे यंत्र घ्यायला आलेच नाहीत. वीची ऑनलाइन विक्रीसेवा ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाली. हालचाल ओळखणारे नियंत्रक मात्र कंपनीने सोडले नाहीत. २०१७ मधील ‘स्विच’च्या जोडनियंत्रकांतही ती सोय आहे.

नव्या कन्सोलची पारख आकड्यांच्या तक्त्यावरून करण्याची सवय आजही कायम आहे. तो तक्ता यंत्राची ताकद सांगतो. घरातले कोण कोण खेळायला उठेल, हे मात्र यंत्र दिवाणखान्यात आल्यावरच कळते.