तळटीप : नुस्रत-उद्-दौला

* नुस्रत-उद्-दौला : फिरूझ मिर्झा फिरूझ (१८८९–१९३८). काजार राजघराण्यातला शाहजादा. वडील मातब्बर सरदार व मंत्री फर्मानफर्मा, आई मुझफ्फरुद्दीन शाहची कन्या.

इराणच्या इतिहासात हे नाव बदनाम झाले ते १९१९च्या इंग्रज-इराण करारामुळे. देशाचे सैन्य आणि तिजोरी इंग्रज सल्लागारांच्या देखरेखीखाली नेणारा हा करार पार पाडण्यासाठी पंतप्रधान वुसूक-उद्-दौला, सारिम-उद्-दौला आणि फिरूझ या तिघांना इंग्रजांनी मिळून ४ लाख तोमान चारले. मजलिसने कराराला मंजुरी दिली नाहीच. डाग मात्र कायम राहिला.

तरीही त्यांना निव्वळ लाचखाऊ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. रझा शाहच्या राजवटीची घडी बसवणाऱ्या त्रिकुटात दरबारमंत्री तैमूरताश आणि न्यायमंत्री दावर यांच्याबरोबर अर्थमंत्री फिरूझही होते. शाहचा संशय मात्र तिघांनाही भोवला. १९२९मध्ये फिरूझ यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी ते लाचखोरीत दोषी ठरले. तैमूरताश १९३३मध्ये तुरुंगात मेले, दावरांनी १९३७मध्ये आत्महत्या केली. १९३८च्या जानेवारीत सेमनान येथे नजरकैदेतल्या फिरूझ यांचा खून करण्यात आला.

पुढे तूदेह या कम्युनिस्ट पक्षात गाजलेल्या मरियम फिरूझ या त्यांच्या सावत्र भगिनी.