मेंदूतील नळी आणि जंतुसंसर्गाचा धोका

मेंदूत रक्तस्राव झाला, अपघातात डोक्याला जबर मार बसला किंवा गाठीमुळे मेंदूतील पाण्याचा मार्ग अडला, की अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या डोक्यातून एक बारीक नळी बाहेर काढलेली दिसते. तिच्या टोकाला जोडलेल्या पिशवीत थेंब थेंब द्रव साठत असतो. 'एक्स्टर्नल व्हेंट्रिक्युलर ड्रेन' अर्थात 'ईव्हीडी' या नावाने ओळखली जाणारी ही नळी अनेकदा रुग्णाचे प्राण वाचवते. मात्र, मेंदूच्या गाभ्यापर्यंत जाणारी हीच वाट जंतूंनाही मोकळी होऊ शकते.

नळी कशासाठी?

मेंदूच्या आतील पोकळ्यांत दररोज सुमारे ५०० मिलिलिटर द्रव तयार होतो. प्रौढ व्यक्तीच्या मेंदूत व मज्जारज्जूभोवती एका वेळी असतो तो जेमतेम १५० मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनदा तरी हा द्रव नव्याने तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. हा प्रवाह अडला, की कवटीच्या बंदिस्त जागेत दाब वाढून मेंदू चेपला जातो. अशा वेळी कवटीला, बहुधा उजव्या बाजूला कपाळाच्या वर, लहानसे छिद्र पाडून नळी पोकळीत सोडली जाते. तिच्यामुळे दाब कमी करता येतो आणि मोजताही येतो.

संसर्ग कसा होतो?

निरनिराळ्या रुग्णालयांच्या पाहणीत संसर्गाचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी ते २० टक्क्यांहून अधिक आढळले आहे. त्वचेवर एरवी निरुपद्रवी असणारे स्टॅफिलोकोकस गटातील जंतू नळीच्या कडेने आत शिरतात किंवा नळीचे जोड उघडताना आतल्या द्रवात मिसळतात. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर तयार करतात आणि या थरात औषधांचा प्रभाव पडत नाही. भारतातील अतिदक्षता विभागांत प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या क्लेबसिएला व ॲसिनेटोबॅक्टर या जंतूंची चिंता अधिक असते.

निदानही सोपे नसते. ताप, ग्लानी, मान ताठणे ही लक्षणे मूळ रक्तस्रावामुळेही दिसतात. त्यामुळे द्रवातील पेशी, साखर व प्रथिने यांच्या बदलत्या प्रमाणावर लक्ष ठेवावे लागते आणि जंतूंच्या कल्चरची वाट पाहावी लागते. शिरेतून दिलेली अनेक औषधे मेंदूत पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून काही रुग्णांत व्हॅन्कोमायसिन किंवा कोलिस्टिन नळीवाटे थेट पोकळीत द्यावे लागते.

नळी बदलून उपयोग होतो का?

नळी पाच दिवसांहून अधिक काळ राहिल्यास धोका वाढतो, असे १९८४ साली एका अमेरिकी अभ्यासात आढळले. त्यामुळे ठरावीक दिवसांनी नळी बदलण्याचा प्रघात पडला. पुढे १९९६ साली ५८४ रुग्णांच्या पाहणीत आणि २००२ साली हाँगकाँगमधील चाचणीत अशा बदलाचा फायदा दिसला नाही. नवी नळी घालणे म्हणजे मेंदूला पुन्हा छेद देणे आणि जंतूंना पुन्हा संधी देणे. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, केवळ दिवस भरले म्हणून नळी बदलू नये, असे म्हटले आहे.

प्रतिजैविकांचा अंश असलेल्या नळ्या मात्र उपयुक्त ठरल्या आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत साध्या नळ्या बसवलेल्या रुग्णांत द्रवाच्या तपासणीत जंतू आढळण्याचे प्रमाण ९.४ टक्के होते, तर मिनोसायक्लिन व रिफाम्पिन यांचा अंश असलेल्या नळ्यांत ते १.३ टक्के. मात्र, अशी नळी महाग असते आणि ती स्वच्छतेला पर्याय ठरत नाही. नळी घालताना कडक निर्जंतुकीकरण, ती त्वचेखालून काही सेंटिमीटर दूर नेऊन बाहेर काढणे, जोड विनाकारण न उघडणे, गरजेपुरतेच नमुने घेणे आणि काम संपताच नळी काढणे, हे नियम काटेकोर पाळणाऱ्या रुग्णालयांत संसर्ग लक्षणीय घटल्याचे दिसून आले आहे.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

* रुग्णाला भेटण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ धुवावेत. नळी, तोटी किंवा पिशवीला हात लावू नये.
* खाट वर-खाली करू नये, रुग्णाला उठवून बसवू नये. पिशवीची उंची रुग्णाच्या कानाच्या पातळीनुसार ठरवलेली असते. ती बिघडल्यास द्रव कमी-जास्त वाहून धोका संभवतो.
* डोक्यावरची पट्टी ओली दिसली, जोड निसटला किंवा द्रव गढूळ झाला, तर परिचारिकेला तत्काळ सांगावे.
* नळीची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांना रोज विचारण्यात संकोच बाळगू नये. गरजेपेक्षा एक दिवसही अधिक न राहिलेली नळी हीच सर्वांत सुरक्षित.