पिव्हट टेबलची फेररचना: तक्ता फिरवताना घ्यावयाची दक्षता

दूध संकलन केंद्रावर दिवसातून दोनदा नोंद होते. समजा, सत्तरी तालुक्यातील एका सहकारी संस्थेचे १२० सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. तीस दिवसांच्या महिन्यात त्यांच्या ७,२०० नोंदी होतात आणि प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, सभासद क्रमांक, नाव, गाव, गायीचे की म्हशीचे दूध, लिटर, दर व रक्कम असे रकाने असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत मात्र कोणी ७,२०० ओळी वाचत नाही. कोणत्या गावाचे संकलन घटले, म्हशीच्या दुधाला सरासरी काय भाव मिळाला, पावसाळ्यात संध्याकाळचे दूध किती कमी झाले, असे प्रश्न तेथे विचारले जातात. यांपैकी प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी बेरीज मांडण्याचे काम स्प्रेडशीटमधील पिव्हट टेबल वाचवते.

या साधनाचे मूळ लोटस कंपनीच्या ‘इम्प्रोव्ह’ या आज्ञावलीत आहे. पिटो सालास यांच्या कल्पनेतून साकारलेली ही आज्ञावली १९९१ मध्ये नेक्स्ट संगणकांसाठी बाजारात आली. रकान्याचे नाव माउसने ओढून दुसरीकडे ठेवताच संपूर्ण तक्ता नव्याने मांडला जावा, ही तिची मुख्य कल्पना होती. मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये ‘पिव्हट टेबल’ हे नाव रूढ केले. आज गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांतही ही सोय आहे. पिव्हट म्हणजे ज्याभोवती वस्तू फिरते तो आस. येथे नोंदी जागच्या जागी राहतात आणि त्यांच्याकडे पाहण्याची दिशा फिरते.

चार कप्पे

एक्सेलमध्ये पिव्हट टेबलच्या आत क्लिक केल्यावर उजवीकडे रकान्यांची यादी उघडते आणि तिच्याखाली चार कप्पे दिसतात. ‘रोज’ या कप्प्यात ठेवलेला रकाना तक्त्यात उभ्या क्रमाने उतरतो, तर ‘कॉलम्स’मधला रकाना आडवा पसरतो. ‘व्हॅल्यूज’मध्ये ठेवलेल्या रकान्याची बेरीज वा मोजणी होते. ‘फिल्टर्स’मधला रकाना तक्त्याच्या माथ्यावर बसून कोणत्या नोंदी घ्यायच्या हे ठरवतो. ही यादी तक्त्याबाहेर क्लिक करताच अदृश्य होते आणि आत क्लिक केल्यावर परत येते. तक्ता बिघडला, अशी नवशिक्यांची समजूत बहुधा एवढ्यावरूनच होते.

गाव ‘रोज’मध्ये, दुधाचा प्रकार ‘कॉलम्स’मध्ये आणि लिटर ‘व्हॅल्यूज’मध्ये ठेवल्यास होंडा, केरी, मोर्ले, पर्ये अशी गावे एकाखाली एक येतात व प्रत्येकापुढे गायीच्या आणि म्हशीच्या दुधाचे आकडे दिसतात. गाव आणि प्रकार यांची अदलाबदल केली की तोच तक्ता आडवा होतो. एकाच कप्प्यात दोन रकाने ठेवल्यास त्यांच्या क्रमाने अर्थ बदलतो. गाव वर आणि वेळ खाली असल्यास प्रत्येक गावाचे सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग पडतात. क्रम उलटा केल्यास सकाळच्या दुधात कोणत्या गावाचा वाटा किती, हे दिसते. आकडे तेच असतात, फक्त तुलना बदलते. म्हणून रकाने हलवण्यापूर्वी नेमका प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहून काढणे हिताचे ठरते.

नको असलेला रकाना कप्प्याबाहेर ओढून टाकता येतो. त्यामुळे तो तक्त्यातून जातो, मूळ नोंदींतून नाही. नोंदी फार असतील आणि प्रत्येक बदलाला वेळ लागत असेल, तर यादीच्या तळाशी असलेल्या ‘डिफर लेआउट अपडेट’वर खूण करावी. मग सर्व बदल झाल्यावरच तक्ता एकदम नव्याने मांडला जातो.

बेरीज, मोजणी आणि फसवी सरासरी

‘व्हॅल्यूज’मध्ये ठेवलेल्या रकान्यात केवळ संख्या असतील, तर एक्सेल बेरीज करते. त्यात मजकूर मिसळलेला असेल, तर ते नोंदींची मोजणी करते. लिटरच्या जागी ‘१२ लि.’ असे लिहिले गेल्यास ती नोंद संख्या उरत नाही, मजकूर बनते. ‘व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज’मध्ये जाऊन मोजणीऐवजी बेरीज निवडता येते. तथापि, अशा बेरजेत मजकूर बनलेल्या नोंदी धरल्याच जात नाहीत आणि त्याची सूचनाही मिळत नाही. दुरुस्ती मूळ शीटमध्येच करावी लागते.

सरासरीचा धोका याहून सूक्ष्म आहे. एका सभासदाने १० लिटर दूध ४० रुपये दराने आणि २ लिटर दूध ५२ रुपये दराने घातले, असे मानू. ‘व्हॅल्यूज’मध्ये दर ठेवून सरासरी निवडल्यास तक्ता ४६ रुपये दाखवतो, कारण तो दोन नोंदींचे दर मिळवून दोनने भागतो. प्रत्यक्षात १२ लिटरचे ५०४ रुपये झाले, म्हणजे लिटरमागे ४२ रुपये पडले. सभेपुढे ४६ चा आकडा गेल्यास संस्थेने दिलेला भाव आहे त्याहून चार रुपयांनी अधिक दिसेल आणि सभासदाच्या हाती पडलेल्या पैशाशी तो जुळणार नाही. यावर उपाय ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’चा. तेथे रक्कम भागिले लिटर असे सूत्र दिल्यास एक्सेल आधी दोन्ही रकान्यांच्या बेरजा करते आणि मग भागाकार करते. त्यामुळे उत्तर ४२ येते.

महिने आणि आर्थिक वर्ष

तारखेच्या रकान्यावर उजवी कळ दाबून ‘ग्रुप’ निवडल्यास दिवसांचे महिने, तिमाही वा वर्षे करता येतात. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केवळ महिना निवडल्यास दोन वर्षांतील एप्रिल एकाच ओळीत मिसळतात, म्हणून महिन्याबरोबर वर्षही निवडावे. दुसरे असे की, एक्सेलची पहिली तिमाही जानेवारी ते मार्च ही असते, तर भारतातील आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होते. संस्थेचा ताळेबंद मार्चअखेर होत असल्याने मूळ शीटमध्ये ‘आर्थिक वर्ष’ असा वेगळा रकाना करून तोच तक्त्यात वापरणे योग्य. ‘ग्रुप’ होण्यास नकार मिळाला, तर एखादी तारीख मजकूर म्हणून पडली आहे किंवा एखादे घर रिकामे राहिले आहे, असे समजून मूळ रकाना तपासावा.

मूळ नोंदी बदलल्यावर

एक्सेलमधील पिव्हट टेबल मूळ शीटकडे सतत पाहत नाही. नोंदींची एक प्रत ते स्वतःजवळ साठवते आणि सर्व हिशेब त्या प्रतीवर करते. मूळ शीटमध्ये आकडा दुरुस्त केला तरी ‘रिफ्रेश’ करेपर्यंत तक्ता जुनेच सांगतो. त्यासाठी ऑल्ट आणि एफ-५ या कळा एकत्र दाबाव्यात. फाइल उघडताच आपोआप रिफ्रेश व्हावे, अशी सोय तक्त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये आहे.

शेवटच्या ओळीखाली नव्या नोंदी जोडल्या असतील, तर केवळ रिफ्रेश पुरेसे नसते. तक्त्याला जेवढा पट्टा दिला असेल तेवढाच तो वाचतो. ‘चेंज डेटा सोर्स’मधून हा पट्टा वाढवता येतो. त्याहून उत्तम मार्ग असा की, मूळ नोंदींत क्लिक करून कंट्रोल आणि टी या कळांनी त्यांचे प्रथमच ‘टेबल’ करून घ्यावे आणि त्यावर पिव्हट बांधावे. मग नव्या ओळी आपोआप पट्ट्यात येतात. गूगल शीट्समध्ये बदललेला आकडा तक्त्यात आपसूक उतरतो, पण पट्ट्याबाहेरच्या ओळी तेथेही सुटतात.

नावांची एकवाक्यता हा याच कामाचा भाग आहे. एका कारकुनाने ‘पर्ये’ आणि दुसऱ्याने ‘पर्यें’ लिहिले, तर तक्ता त्यांना दोन गावे मानतो. शब्दामागे राहिलेली एक रिकामी जागाही नवे गाव निर्माण करते. तक्त्यातील गावाच्या नावावर टंकून ते बदलता येते खरे, पण त्याने केवळ तेथील पाटी बदलते. मूळ नोंद चुकीचीच राहते. दुरुस्ती शीटमध्ये करून रिफ्रेश केल्यानंतरही जुने नाव फिल्टरच्या यादीत रेंगाळत असेल, तर ‘ऑप्शन्स’मधील ‘डेटा’ विभागात जुनी नावे राखण्याची संख्या ‘नन’ करून पुन्हा रिफ्रेश करावे.

फेररचनेनंतर बिघडणाऱ्या गोष्टी

तक्त्याबाहेरील एखादे सूत्र त्यातल्या विशिष्ट घराकडे बोट दाखवत असेल, तर मांडणी बदलताच त्या घरात दुसराच आकडा येतो आणि सूत्र मुकाट्याने तो उचलते. एक्सेलचे ‘गेटपिव्हटडेटा’ हे सूत्र घराच्या पत्त्याऐवजी गाव, प्रकार अशा नावांनी आकडा शोधते. तो आकडा तक्त्यात दिसत नसेल, तर ते चूक दाखवून थांबते. मुकाट्याने आलेल्या चुकीच्या आकड्यापेक्षा दिसणारी चूक केव्हाही बरी.

एका तक्त्याची प्रत करून दुसरा बनवल्यास दोघांची साठवलेली प्रत एकच असते. त्यामुळे एकात महिन्यांचे गट पाडले की दुसऱ्यातही पडतात. आकड्यांना रुपयांचे वा दशांशाचे स्वरूप घरे निवडून देऊ नये, ‘व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज’मधील ‘नंबर फॉरमॅट’मधून द्यावे; ते फेररचनेनंतरही टिकते. छापील अहवालासाठी ‘रिपोर्ट लेआउट’मधून ‘टॅब्युलर’ मांडणी घ्यावी आणि नावे प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे पान उलटल्यावर वाचक गोंधळत नाही.

तक्त्यामागची नावे

बेरजेच्या कोणत्याही आकड्यावर दोनदा क्लिक केल्यास एक्सेल नवे शीट उघडून तो आकडा ज्या नोंदींतून आला त्या सर्व मांडते. हिशेबनीसाला पडताळणीसाठी याहून सोपा मार्ग नाही. धोकाही येथेच आहे. मूळ शीट पुसून केवळ तक्ता असलेली फाइल कोणाला पाठवली, तरी साठवलेली प्रत तिच्यासोबत जाते. गावनिहाय बेरीज म्हणून धाडलेल्या फाइलमधून प्रत्येक सभासदाचे नाव आणि त्याला मिळालेली रक्कम दोन क्लिकमध्ये बाहेर येऊ शकते.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनमधील ब्लॅकपूल येथील एका सरकारी रुग्णालय न्यासाने कर्मचाऱ्यांविषयीचे एकत्रित आकडे संकेतस्थळावर प्रसिद्ध केले होते. त्या तक्त्यांमागे ६,५७४ कर्मचाऱ्यांची खासगी माहिती दडलेली राहिली. २०१६ मध्ये तेथील माहिती आयुक्त कार्यालयाने न्यासाला १,८५,००० पौंडांचा दंड ठोठावला. भारतातही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला असून माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

‘ऑप्शन्स’मध्ये तपशील दाखवणे बंद करता येते, पण फाइल मिळालेली व्यक्ती ते पुन्हा सुरू करू शकते. म्हणून तक्ता बाहेर पाठवताना त्याची प्रत घेऊन नव्या फाइलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने केवळ आकडे चिकटवावेत किंवा पीडीएफ बनवावी. मूळ फाइल संस्थेच्या संगणकातच राहावी.

तक्ता सभेपुढे ठेवण्याआधी शेवटची पडताळणी एकच. मूळ शीटमधील लिटरच्या रकान्याची बेरीज स्वतंत्रपणे काढावी आणि फिल्टर मोकळे करून तक्त्याच्या तळाशी येणाऱ्या एकूण आकड्याशी ती ताडून पाहावी. रकाने कितीही वेळा इकडचे तिकडे झाले, तरी ही बेरीज बदलता कामा नये. ती बदलली असेल, तर एखादी नोंद पट्ट्याबाहेर सुटली आहे, मजकूर बनली आहे किंवा रिफ्रेश व्हायचे राहिले आहे. तिचा शोध लागेपर्यंत तो तक्ता अहवालात जाऊ नये.