मनमाडच्या पुढचा बर्थ

आमच्या गावाहून दिल्लीला जायचे म्हणजे पुष्कळदा मनमाडला गाडी बदलायची. गाडी बदलण्याचे काही नाही, पण त्यात एक पंचाईत होती. आमचे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेचे, मुख्यालय सिकंदराबादला. मनमाडला धरायची पंजाब मेल मध्य रेल्वेची, तिचा कारभार मुंबईला. प्रवास एक, चोपड्या दोन.

चोपडी हा शब्द मुद्दाम वापरतो. संगणकापूर्वी आरक्षण मोठ्या रजिस्टरात लिहीत, आणि ते रजिस्टर एका ठिकाणीच असे. मधल्या स्थानकांना थोड्या जागांचा 'कोटा' दिलेला असे. त्याहून जास्त हवे तर तार करा आणि उत्तराची वाट पाहा. कोटा म्हणजे सरकारी कंजूषपणा असे आपण समजत आलो. पण दूरचे रजिस्टर इथून उघडता येत नव्हते, हेही त्यामागचे एक मोठे कारण होते.

1985-86 मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. ती प्रणाली सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीची. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद अशी पाच केंद्रे झाली. पण पाच भावांनी पाच चुली मांडाव्यात, तसा प्रकार! रजिस्टर गेले, भिंत राहिली.

भिंत ओलांडण्याची युक्ती तोवर निघालेली होती. अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी 1984 मध्ये ती एका निबंधात मांडली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दूरच्या यंत्रातले काम असे सांगावे, जणू ते स्वतःच्याच यंत्रात आहे. मधला निरोप्या, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, मागणीची पुडी बांधतो, योग्य पत्त्यावर नेतो, उत्तर आणून हाती देतो.

मला यातला 'जणू' फार आवडतो. कवीला 'जणू' म्हणून मोकळे होता येते, इंजिनिअरला येत नाही. समजा, इथल्या खिडकीवरून मागणी गेली, मुंबईने बर्थ दिला आणि उत्तर येता येता लाइन तुटली. पुन्हा मागावे तर दोन बर्थ अडकणार. गप्प बसावे, तर रांगेतला माणूस पैसे देऊन तिकिटाविना राहणार, आणि त्याला उद्या दिल्लीच्या इस्पितळात पोचायचे असेल. म्हणून व्यवहार एक तर पुरा व्हावा, नाही तर झालाच नाही असे ठरावे.

रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची नवी प्रणाली रचताना नेमकी हीच काळजी घेतली. व्यवहार अर्धवट न सोडणारा निरोप्या त्यांनी डिजिटल या अमेरिकन कंपनीकडून घेतला. 1994 मध्ये ही प्रणाली प्रथम सिकंदराबादला बसली आणि 1999 मध्ये पाचही केंद्रे जोडली गेली. मग आमच्या खिडकीवर मनमाडच्या पुढचा बर्थ मिळू लागला. मोठ्या मोठ्या घोषणा ऐकल्या, पण रांगेतल्या माणसाला इतके थेट मिळालेले मला फार थोडे आठवते.

2002 च्या ऑगस्टपासून हीच मागणी घरच्या संगणकावरून जाऊ लागली. आज ती खिशातल्या फोनवरून जाते. पाच चुलींची खूण मात्र तिकिटावर अजून आहे. पीएनआर क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे पाहा. गाडीचा हिशेब कोणत्या केंद्राकडे आहे, ते त्यावरून कळते.